आठव्या लेनमधला दुसरा बार

माइक: फिनिश लाइनजवळ

ठो.

एवढंच. मग शिट्ट्या, आरडाओरडा, कुणाच्या तरी आईचं "अगं मागे बघू नको, पळ!", आणि शेवटी टाळ्या. एका मुलीच्या वडिलांनी हा व्हिडिओ काढलाय. त्यांना रेषा ओलांडणारे पाय तेवढे हवे होते, म्हणून फोन जमिनीकडे बघतोय. शर्यत सुटताना दिसतच नाही, फक्त ऐकू येते.

बार एक.

माइक: आठव्या लेनच्या कुंपणाशी

ठो. ठो.

हा मावशीचा फोन. आठव्या लेनमधल्या मुलीची मावशी. शर्यत तीच, पूर्ण एका फेरीची, मुलींची, अंतिम. पिस्तूल तेच. पण इथे बार दोन, आणि मध्ये अर्ध्या सेकंदाहून जरासं जास्त अंतर. पहिल्या बाराला मुलगी सुटते. दुसऱ्या बाराला थांबते. कमरेवर हात ठेवून मागे वळते, आणि बाकीच्या सातजणी तिच्या डावीकडून निघून जातात.

दुसरा बार म्हणजे सुरुवात चुकली, सगळ्यांनी परत या. हे पळणाऱ्या प्रत्येक पोरीच्या अंगात मुरलेलं असतं. तिनं थांबायलाच हवं होतं.

दुसरा बार झाला असेल तर.

आणि झाला असेल तर तो बाबांनी केला असेल, कारण पिस्तूल माझ्या बाबांच्या हातात होतं.

माइक: स्वयंपाकघर

"मुलगी म्हणून ऐकू नकोस," बाबा म्हणाले. "ऑफिसात लोक येतात ना तुझ्याकडे, तसा मी आलोय समज."

"ऑफिसात लोक बनियनवर येत नाहीत," आई म्हणाली.

बाबा उठून शर्ट घालून आले. बटणं लावायला त्यांना वेळ लागला. आम्ही दोघींनी तेवढा वेळ दुसरीकडे बघितलं.

माझं काम बंदुकांचे आवाज ऐकणं. कोर्टाकडून, पोलिसांकडून रेकॉर्डिंगं येतात. बार किती झाले, कुठून झाले, त्यातला खरा कुठला आणि भिंतीवर आपटून परत आलेला कुठला, हे मी सांगते. आई लोकांना हे एका वाक्यात सांगते: "जगातला प्रत्येक आवाज हिला ऐकू येतो, मी मारलेली हाक सोडून."

बाबा शाळेत पीटी शिकवायचे. शाळा सुटली, पिस्तूल सुटलं नाही. ज्या पोरींच्या शर्यती त्यांनी सोडल्या, त्यांच्या पोरींच्या शर्यती ते आता सोडतात. लहानमोठे सगळे त्यांना ठोकाका म्हणतात. पिस्तूल शर्यतीचं, काडतुसात नुसती दारू, गोळी नाही. आवाज मात्र खऱ्याचा.

"काडतुसं मोजली असतील ना कुणी?" मी विचारलं.

"सकाळपासून शर्यती चालल्या होत्या. मधे काही पोरी आधीच सुटल्या, त्यांना बार काढून परत बोलावलं. कोण मोजत बसतं?"

"तुम्हाला काय आठवतं?"

"एकदा चाप ओढला." मग त्यांनी उजव्या हाताचं पहिलं बोट टेबलावर ठेवलं. ते एकटंच हलत होतं, बाकीची चार शेजाऱ्यांसारखी बघत होती. "पण हे हल्ली मला विचारून काही करत नाही. म्हणून म्हणतो, तू ऐक."

आम्हाला ते बोट माहीत होतं. कप ते दोन्ही हातांनी धरू लागले तेव्हापासून माहीत होतं. त्याच्याबद्दल घरात पहिल्यांदा बोलले ते स्वतःच.

समितीचं म्हणणं सरळ होतं. बार दोन झाले असतील तर शर्यत रद्द, पुन्हा पळवायची, आणि ठोकाकांनी पिस्तूल समितीच्या कपाटात ठेवायचं. एकच झाला असेल तर निकाल कायम, पोरगी घरी. पहिल्या दोघी मोठ्या स्पर्धेला जाणार होत्या, आणि ही त्या दोघींत सहज आली असती असं सगळेच म्हणत होते.

"म्हणजे तुम्ही किंवा ती," मी म्हणाले.

"म्हणजे मी किंवा ती. मी तर समितीला सांगायलाच निघालो होतो, दोन काढले म्हणून. पोरीला शर्यत मिळाली असती, विषय संपला असता."

"मग गेला का नाहीत?"

"काढले नसतील तर?" बाबा म्हणाले. "ते मला ठाऊक असायला हवं ना गं. बोट माझं आहे."

आईनं गॅस बंद केला. "मैदानावर जाऊन आवाज तपासणार असाल तर जा," ती म्हणाली, "पण स्टूल नाही."

बल्ब बदलताना बाबा पडले होते. गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आणि तेव्हापासून घरातली झाडून सगळी स्टुलं माळ्यावर आहेत. माळ्यावर जायला स्टूल लागतं, त्यामुळे व्यवस्था चोख आहे. मैदानावर मात्र स्टार्टरला, म्हणजे शर्यत सोडणाऱ्याला, चढायला एक लाकडी स्टूल असतं. त्यावर चढणार नाही असा बाबांनी आईला शब्द दिला होता. आता तो तिनं माझ्याकडूनही घेतला.

माइक: माझी खोली

माझ्या खोलीच्या भिंतींवर काळ्या फोमचे सुळके आहेत. आवाज त्यांच्यात जातो तो गेलाच. नवीन माणूस आत आला की आधी कुजबुजायला लागतो, मग स्वतःच्या पोटाचा आवाज ऐकून लाजतो.

पडद्यावर आवाज म्हणजे एक रेघ. बार म्हणजे त्या रेघेतून अचानक उभा राहिलेला काटा. मावशीच्या रेकॉर्डिंगमध्ये काटे दोन, एका उंचीचे. पण त्या उंचीवर विश्वास ठेवता येत नाही. फोनला मोठा आवाज झेपत नाही, तो वरचे शेंडे छाटून टाकतो, आणि छाटल्यावर नारळाचं झाड आणि तुळस एकाच उंचीची.

खरा बार आणि पडसाद ओळखायची माझी साधी रीत आहे. दोन बार कधीच हुबेहूब सारखे नसतात, एकाच पिस्तुलातून, एकाच डब्यातली काडतुसं घालून काढले तरी. दारू कणभर कमीजास्त भरलेली असते, हात जरा इकडेतिकडे असतो. पडसाद मात्र तोच बार असतो. गेलेला माणूस त्याच्या सगळ्या खोडींसकट परत यावा तसा येतो, फक्त दमून.

इथे शेंड्यांबरोबर खोडीही छाटल्या गेल्या होत्या. आणि जे थोडं उरलं होतं त्यावर, बरोबर दुसऱ्या बारावर, मावशी ओरडली होती: "पळ गं माझ्या राणी!"

मावशीच्या मायेनं माझा पुरावा बुडवला.

अंतर मोजलं. मैदानापलीकडे नवीन स्टँड बांधलाय, त्याच्या मागच्या पत्र्याच्या भिंतीवरून आवाज परत आला तर साधारण एवढाच उशीर होईल. पण एवढं लांब जाऊन आलेला आवाज थकलेला हवा. हा ताजातवाना होता. आता ती भिंत सरळ नाही, आतून गोल आहे. दाढीचा गोल आरसा ऊन गोळा करून एका ठिपक्यात ओततो, तशी गोल भिंत आवाज गोळा करून एका जागी ओतू शकते. ती जागा आठवी लेन असू शकते.

असू शकते. हे दोन शब्द मी कुणाच्याही अहवालात चालवून घेत नाही.

माइक: दोन बारांच्या मधे

इथे काहीच नाही, म्हणजे अर्ध्या सेकंदाहून जरासं जास्त इतकं काहीच नाही, आणि मी ते ताणून ताणून पडदाभर पसरवलं तेव्हा त्यात सापडला वारा, मुलीच्या बुटांची पहिली कचकच, मग दुसरी, मावशीनं ओरडण्याआधी घेतलेला श्वास, लांब कुठेतरी भुंकायच्या बेतात असलेलं कुत्रं, आणि ह्या सगळ्याच्या आत कुठेतरी बाबांचं बोट, जे एकतर चापावरून उठलंय नाहीतर पुन्हा चापाकडे निघालंय, जे शाळेच्या रांगेत मी बोलायला लागले की लांबूनच ओठांवर जायचं आणि मी गप्प व्हायचे, जे मी रस्ता ओलांडताना मूठ भरून धरायचे कारण अख्खा हात माझ्या मुठीत मावायचा नाही, जे मी मैदानावर त्यांच्याजवळ उभी असले की चापाला लागण्याआधी माझ्याकडे वळायचं आणि बाबा म्हणायचे "कान!" आणि मी दोन्ही हातांनी कान घट्ट झाकायचे, म्हणजे लहानपणी बाबांचा एकही बार मी नीट ऐकलेला नाही, आणि आता ऐकायला बसलेय तर कुत्र्याला आवाज आहे, मावशीच्या श्वासाला आवाज आहे, त्या बोटालाच तेवढा नाही.

माइक: मैदानावर, जमिनीवरून

मैदान रिकामं होतं. मुलगी आणि तिची मावशी आधीच येऊन थांबल्या होत्या.

"मला कान आहेत, ठोकाका," मुलगी म्हणाली. आधी नमस्कार वगैरे काही नाही.

"आणि मला बोट आहे," बाबा म्हणाले. "बघू या कोण खोटं बोलतंय."

"मी नाही."

"मीही बहुतेक नाही."

"बहुतेक?"

"तुझ्या वयात मीसुद्धा बहुतेक म्हणत नव्हतो."

मुलगी हसणार होती, पण तिनं ते दाबलं. मावशीनं मला बाजूला घेतलं. "मॅडम, माझा आवाज मध्ये आलाय म्हणे. मी मुद्दाम नाही हो ओरडले."

"मुद्दाम कोण ओरडतं," मी म्हणाले.

पूर्ण फेरीच्या शर्यतीत सगळ्या एका रेषेत उभ्या नसतात. बाहेरच्या लेनला वळणावर जास्त पळावं लागतं, म्हणून तिला पुढे उभं करतात. पहिल्या लेनमधली स्टार्टरच्या पायाशी, आठव्या लेनमधली पार वळणापलीकडे, एकटी. मी माइक घेऊन तिच्या शेजारी गेले. बाबा सुरुवातीला, जिथे ते नेहमी असतात तिथे, उंच उडीच्या गाद्यांशेजारी उभे राहिले. ती शर्यत झाली त्या क्रीडादिनापासून त्या गाद्या तिथेच एकावर एक रचून, वर ताडपत्री टाकून ठेवलेल्या होत्या. जवळच ते लाकडी स्टूल होतं. आठव्या लेनकडे निघण्याआधी मी ते उचलून लांब नेऊन ठेवलं होतं.

"आईला शब्द दिलाय," मी म्हणाले होते.

"हो, हो," बाबा म्हणाले होते. जरा घाईनंच.

"जागा घ्या," लांबून त्यांचा आवाज आला. "तयार."

ठो.

मग काहीतरी आलं. कुणीतरी शेजारच्या घरात उशीवर थाप मारावी तसं.

"हा नाही," मुलगी म्हणाली.

पुन्हा काढला. पुन्हा उशी. मी माइक चार पावलं पुढे नेला, मागे नेला, उंच धरला. उशी, उशी, उशी. ह्या आवाजाला कुणी थांबलं नसतं. ह्या आवाजाला कुणी मानसुद्धा वळवली नसती.

म्हणजे मावशीच्या फोनमधला दुसरा बार पडसाद नव्हता.

"बघा," मुलगी म्हणाली. "मी म्हणत होते ना, दोनदा..." आणि ती मधेच थांबली. बाबा गाद्यांपासून आमच्याकडे चालत येत होते. गुडघ्यामुळे ते जरा डावीकडे कलून चालतात. त्यांना माझा चेहरा लांबूनच वाचता येतो, लहानपणापासून.

"म्हणजे मीच," ते म्हणाले.

मी माइकची वायर गुंडाळायला लागले.

"अगं, बरंच झालं की. पोरीला शर्यत मिळाली." त्यांनी मुलीकडे बघितलं. "उद्या समितीला सांगतो. तू सराव सोडू नकोस."

"आणि तुम्ही?" तिनं विचारलं.

"मी फिनिश लाइनला खुर्ची टाकून बसेन. तिथून तू येताना दिसशील तरी. शर्यत सोडताना मला नेहमी तुमच्या पाठीच दिसतात."

मुलीनं बुटाची नाडी सोडली आणि पुन्हा बांधली. नाडी सुटलेली नव्हती.

माइक: स्वयंपाकघर

किण किण किण किण.

बाबा चहात साखर ढवळत होते. साखर केव्हाच विरघळली होती. हल्ली त्यांचा चमचा जास्त वेळ वाजतो, आणि आम्ही त्याबद्दल काही म्हणत नाही.

"जाऊ दे," आई म्हणाली. "पिस्तूल गेलं तर गेलं. घरात बसा, मला मटार सोलून द्या." हे तिच्या भाषेत सांत्वन होतं.

किण किण किण.

"स्टुलावर चढले नाहीत ना गं?"

"नाही. मी उचलून लांबच ठेवलं."

"शहाणी माझी बाय. आणि क्रीडादिनालासुद्धा नव्हते चढले. दिवसभर उन्हात उभे, पण जमिनीवर. शब्द म्हणजे शब्द. हो ना हो?"

किण

मी शांतता ऐकून पोट भरते. रिकाम्या खोलीची शांतता वेगळी, श्वास रोखून बसलेल्या माणसाची वेगळी. ही दुसरी होती.

"बाबा."

"काय गं."

"क्रीडादिनाला तुम्ही कुठे उभे होतात?"

"सुरुवातीला. आणखी कुठे?"

"कशावर?"

आई ओट्याकडून वळली. बाबांनी तिच्याकडे न बघता मला सांगितलं, "जमिनीवरून आठव्या लेनमधल्या पोरीला पिस्तूल दिसत नाही गं. बिचारी एकटी असते तिकडे."

"अहो!"

"एकच शर्यत. बाकी सगळ्या खालूनच सोडल्या. ही अंतिम होती म्हणून."

"गुडघा कुणाचा आहे?" आईनं विचारलं.

"माझा."

"डॉक्टरकडे कोण घेऊन जातं?"

"तू."

"मग विचारायचं कुणाला?"

"तुला. पण तू मैदानावर नव्हतीस."

ह्यापुढचं त्यांचं भांडण मी ऐकलं नाही. मी साखरेचा डबा उचलून टेबलाच्या मध्ये ठेवला. त्याच्या पलीकडे स्टीलचं ताट भिंतीला टेकवून उभं केलं.

"काय चाललंय?" आई म्हणाली.

"हा डबा म्हणजे गाद्या. ताट म्हणजे स्टँडची भिंत. बाबा, तुमचं बोट आणा. डब्याच्या अलीकडे, खाली धरा."

त्यांनी बोट धरलं.

"ताटात दिसतंय?"

"नाही. डबाच दिसतोय."

"जमिनीवरून बार काढला की गाद्याच ऐकतात, आणि गाद्या कुणाला काही सांगत नाहीत. म्हणून आज उशीसारखा आला. आता स्टुलावर चढवा त्याला."

बोट वर सरकलं. डब्याच्या कडेवर आलं, आणि ताटात दुसरं बोट उगवलं. दोन्ही थरथरत होती, अगदी एका ठेक्यात.

बाबांनी बोट खाली नेलं, वर आणलं, पुन्हा खाली नेलं.

"मी त्यांना स्टुलावर चढू दिलं नाही म्हणून आज पडसाद मिळाला नाही," मी आईला म्हणाले. "पुन्हा तपासायला हवं. स्टुलावरून."

आईनं ताट उचलून जागेवर ठेवलं. डबा ठेवला. हात पुसले.

"मी धरणार," ती म्हणाली.

माइक: मैदानावर, स्टुलावरून

"सावकाश. आधी डावा पाय. अहो डावा!"

"माझा डावा मला माहीत आहे."

"तो माहीत असता तर पडला नसतात."

आई दोन्ही हातांनी स्टूल धरून वाकली होती. स्टुलाला वर जायला दोनच पायऱ्या आहेत. बाबा वर पोचले तेव्हा मावशीनं टाळ्या वाजवल्या, आणि आईनं तिच्याकडे असं बघितलं की टाळ्या थांबल्या.

मुलगी आठव्या लेनमध्ये आपल्या जागेवर बसली. मी माइक तिच्या कानाच्या उंचीवर लावला. हा माझा माइक शेंडे छाटणारा नव्हता.

"पळायचं का मी?" मुलीनं विचारलं.

"पळ. त्या दिवशी पळालीस तशी."

"आणि थांबायचं?"

"ते तू ठरवायचं नाहीस. तुझे कान ठरवतील."

लांबून, वळणापलीकडून, गाद्यांच्याही वरून आता मला बाबा दिसत होते. पिस्तूल आभाळाकडे. आणि खाली, गाद्यांच्या कडेनं, आईचा अंबाडा.

"जागा घ्या. तयार." मग जरा थांबून, सवयीनं, मैदानाच्या ह्या टोकाला मला: "कान!"

आणि मी झाकले. खरंच झाकले. पगार मला ऐकायचा मिळतो, पण हात आपोआप वर गेले.

ठो.

ठो.

झाकलेल्या कानांतूनसुद्धा आला. मागून नाही, समोरून, पत्र्यावरून, कोरा करकरीत. मुलगी थांबली होती. कमरेवर हात ठेवून ती मागे वळली, आणि मग तिला आपण काय केलंय ते कळलं.

"आला!" ती ओरडली. "ठोकाका! दुसरा आला!"

"मी एकच काढला!" बाबा ओरडले. त्यांनी पिस्तूल असलेला हात उंच धरून हलवला, कप जिंकलेल्या माणसासारखा.

"हलू नका!" खालून आई.

त्यांनी आणखी बार काढले, आणि मी माइक हलवत राहिले. सातव्या लेनमध्ये पडसाद निम्म्यावर आला, सहाव्यात कुजबूज, फिनिश लाइनजवळ काहीच नाही. भिंत सगळा आवाज गोळा करून एका पोरीच्या कानात ओतत होती. खोलीत जाऊन दोन्ही काटे एकाखाली एक ठेवले. दुसऱ्यात पहिल्याच्या सगळ्या खोडी होत्या, अगदी सुरुवातीच्या बारीक दाताएवढ्या खाचेसकट. आणि मधलं अंतर मावशीच्या फोनमधल्या अंतरावर चपखल बसलं.

अहवालात मी "असू शकते" कुठेही लिहिलं नाही. तज्ज्ञ ही स्टार्टरचीच मुलगी आहे, हे मात्र पहिल्याच ओळीत लिहिलं, आणि बारांची सगळी रेकॉर्डिंगं सोबत जोडली. ज्याला शंका असेल त्यानं स्वतः आठव्या लेनमध्ये उभं राहून ऐकावं, हे शेवटच्या ओळीत. समितीचे तिघे खरंच जाऊन उभे राहिले. तिघेही दचकले.

माइक: समितीची खोली

"म्हणजे दोघंही खरं बोलत होते," अध्यक्ष म्हणाले. त्यांना हे फारसं आवडलेलं दिसलं नाही. "बार एकच, पण हिच्या कानापर्यंत दोन आले, म्हणजे शर्यत पुन्हा घ्यावी लागेल. पण त्या भिंतीचं काय करायचं? पाडायची?"

"पाडता कशाला?" दारातून आई म्हणाली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. "ह्यांना चढू देऊ नका."

सगळे बाबांकडे बघू लागले.

"खालून काढला तर गाद्या आवाज खातात," बाबा हळूच म्हणाले. "ती म्हणते ते बरोबर आहे."

"पुन्हा म्हणा," आई म्हणाली. "मोठ्यानं. ही रेकॉर्ड करतेय का?"

"पण खाली उभे राहिलात तर तुम्ही आठव्या लेनमधून दिसणार नाही," अध्यक्ष म्हणाले.

मुलगी कोपऱ्यात मावशीशेजारी बसली होती. "दिसायला कशाला हवेत?" ती म्हणाली. "मला ऐकू येतं."

माइक: पुन्हा फिनिश लाइनजवळ

ती दुसरी आली. तेवढं पुरेसं होतं, पण तिला ते पुरेसं वाटत नव्हतं. धापा टाकत, चिडून, ती सरळ बाबांकडे गेली.

"सातव्या लेनमधली शेवटी कशी काय पुढे गेली?"

"तू शेवटच्या वळणावर मागे बघितलंस."

"नाही बघितलं."

"बघितलंस. वळणावर जाताना तुमच्या पाठीच दिसतात मला. पाठ वळली की कळतं."

मुलीनं वळून त्या वळणाकडे बघितलं. मग म्हणाली, "पुढच्या वेळी नाही बघणार." आणि मावशीकडे पळत गेली, जी रडत होती आणि तरी व्हिडिओ काढत होती.

बाबांनी पिस्तूल रिकामं केलं. रुमालानं पुसलं. मग समितीच्या खोलीकडे चालायला लागले, डावीकडे कलून. मी बरोबर गेले. त्यांनी कपाट उघडून पिस्तूल आत ठेवलं आणि किल्ली अध्यक्षांच्या टेबलावर.

"कुणी मागितलंय का तुमच्याकडे?" मी म्हणाले. "तुमची काहीच चूक नव्हती. सिद्ध झालंय ते."

"म्हणून तर देतोय." त्यांनी ते बोट माझ्यापुढे धरलं. "हे थरथरतं गं. आज ना उद्या चाप खरंच दोनदा ओढेल. पण त्या दिवशी एकदाच ओढला होता. हे माहीत असताना ठेवलेलं बरं."

मी ते बोट मूठ भरून धरलं. आता अख्खा हातसुद्धा माझ्या हातात मावतो, पण मी बोटच धरलं. मैदान ओलांडेपर्यंत ते मुठीत हलत होतं.

माइक: माझी खोली

फेरशर्यतीचं रेकॉर्डिंग मी ठेवलंय. कुठल्याही खटल्याचं नाही, कुणी मागितलेलं नाही. माइक आठव्या लेनपाशी होता, पण वारा सुरुवातीकडून वाहत होता, त्यामुळे तिकडचंही ऐकू येतं.

बाबांचं "जागा घ्या". बाबांचं "तयार".

ठो.

मग वारा. मुलीच्या बुटांची पहिली कचकच, दुसरी, तिसरी. ती थांबत नाही. आणि बारानंतर अर्ध्या सेकंदाहून जरासं जास्त अंतरावर, जिथे आता काहीच यायला नको, तिथे एक छोटा काटा आहे. मी तो मोठा करून ऐकला. पुन्हा ऐकला. बाबा जमिनीवर उभे आहेत, दोन्ही पायांवर, चढायला नाही की उतरायला नाही.

"हळू हो!" आईचा आवाज म्हणतो.